बाणाला कोणते पाते लावावे?

या व्याख्यानाचा उगम वरवट बकालच्या बाजारात झाला. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, दक्षिणेला पूर्णेचे खोरे आणि मध्ये कपाशीची व मक्याची काळी वावरे, अशा या संग्रामपूर तालुक्यात बाजाराच्या दिवशी डोंगराकडची आणि खोऱ्यातली माणसे एकमेकांना भेटतात. अशाच एका दिवशी ओळखीच्या एका शेतकऱ्याने आम्हांला हाताला धरून बाजूला नेले, बंडीच्या खिशातून एक फडके काढले आणि ते हलकेच उलगडले. आत बाणाची चार लोखंडी टोके होती. डोंगराच्या पायथ्याच्या एका वृद्ध लोहाराने ती कधीकाळी घडविलेली होती.

"गुरुजी, अर्धा मक्का डुकरायनं खाल्ला," ते म्हणाले. "तुमी पुस्तकं वाचता. यातलं कोनतं पातं लावू, थेवढं सांगा."

आम्हांला उत्तर देता आले नाही. जन्मभर शाळेत एकलव्याची गोष्ट शिकविली. पण एकलव्याच्या बाणाला पुढे काय होते, हे आम्ही कधी स्वतःलाही विचारले नव्हते. पुढे काही ग्रंथ वाचले, काही जाणत्या माणसांजवळ बसलो, लोहाराच्या भात्यापुढे उकिडवे बसलो. त्यातून जे उमगले ते आज आपल्यापुढे मांडीत आहो. प्रश्न चार पात्यांचा होता. पण त्याच्या पोटात दुसराच एक प्रश्न दडलेला आहे, हे आमच्या ध्यानात उशिरा आले. तो काय, हे ओघाने येईलच.

आरंभी एक हिशेब करू. बाण जनावराला मारतो तो कशाने? पुष्कळांना वाटते, वेगाने. बंदुकीची गोळी जशी आदळते तसा बाण आदळतो आणि जनावर कोसळते. ही समजूत साफ चुकीची आहे. चांगल्या धनुष्यातून सुटलेला ३० ग्रॅम वजनाचा बाण सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने जातो असे धरा. त्याच्या अंगी साडेसदतीस ज्यूल ऊर्जा असते. आता आपल्या शाळेच्या पटांगणावरचा क्रिकेटचा चेंडू घ्या. त्याचे वजन सुमारे १६० ग्रॅम. बेताच्या वेगाच्या गोलंदाजाने तो सेकंदाला ३० मीटर वेगाने टाकला, तर त्याच्या अंगी ७२ ज्यूल ऊर्जा येते. म्हणजे बाणाच्या जवळजवळ दुप्पट! शिकारी बंदुकीची १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटली तर तिच्या अंगी ३,२०० ज्यूल, म्हणजे बाणाच्या पंचाऐंशी पट. चेंडू बरगडीवर बसला तर माणूस कळवळतो, काळेनिळे होते, पण तो दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला येतो. मग त्याच्या निम्म्या ऊर्जेचा बाण सांबराच्या आरपार कसा जातो?

याचे उत्तर पात्यात आहे. बाणाची सगळी ऊर्जा एका बारीक धारेवर येऊन ठेपते. तो ठोसा देत नाही. तो कापीत जातो. विळीवर भोपळा चिरताना आपण भोपळ्यावर आघात करीत नाही, त्यातलाच हा प्रकार. जनावर मरते ते आघाताने नव्हे, रक्तस्रावाने. हे एकदा नीट समजले की पात्याविषयीचे बाकीचे सारे विवेचन आपोआप उलगडत जाते.

आता फडक्यातल्या त्या चार टोकांकडे वळू. पहिले खिळ्यासारखे गोल आणि अणकुचीदार होते. दुसरे चपटे, पानासारखे, दोन्ही कडांना धार असलेले. तिसरे दुसऱ्यासारखेच, पण मागच्या बाजूला गळाच्या आकड्यासारखे दोन काटे काढलेले. आणि चौथे अगदी बोथट, कवठाच्या छोट्या फळासारखे गोलसर. गंमत अशी की १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या, मध्य प्रांतातील जातिजमातींवरील आपल्या ग्रंथात रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी भिल्लांच्या भात्याचे जे वर्णन दिले आहे, त्यात जवळजवळ हीच मंडळी भेटतात. बांबूचे धनुष्य, बांबूच्याच सालीच्या पट्टीची दोरी, हातभराहून लांब बाण. कुणाचे टोक सुरीसारखे चपटे, कुणाचे खिळ्यासारखे गोल, आणि पाखरे पाडण्यासाठी गोळ्यासारखे बोथट. मासे मारण्याच्या बाणाचे टोक दांड्यापासून सुटे होऊन दोरीला बांधलेले राही, असेही त्यांनी नमूद केले आहे.

पण याहून जुना आणि अधिक मार्मिक दाखला कौटिल्याचा आहे. अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणी त्याने बाणांची मुखे लोखंडाची, हाडाची किंवा लाकडाची असावीत असे सांगून त्यांची तीन कामे नेमून दिली आहेत: छेदन, भेदन आणि ताडन. म्हणजे कापणे, भोसकणे आणि ठोकणे. आमच्या शेतकरी मित्राच्या फडक्यात ही तिन्ही क्रियापदे शेजारी शेजारी पडलेली होती! पानासारखे ते छेदनाचे, खिळ्यासारखे ते भेदनाचे, बोथट ते ताडनाचे. टोक निवडणे म्हणजे आपल्याला नेमके काय करायचे आहे हे ठरविणे होय.

आणि ही विद्या आपल्या विदर्भाला परकी नाही. नागपूरजवळच्या माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा येथील महापाषाणयुगीन वर्तुळांच्या उत्खननांत लोखंडाच्या कुऱ्हाडी, खंजीर, घोड्यांचे साज यांबरोबर बाणांची टोकेही निघाली आहेत. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. अडीच हजार वर्षांपूर्वी या भूमीतला कारागीर लोखंड गाळीत होता, ठोकीत होता, त्याला धार लावीत होता. डोंगरपायथ्याचा आमचा तो वृद्ध लोहार त्याच लांब माळेतला एक मणी.

आता एकेका टोकाची परीक्षा करू. बोथट टोक प्रथम बाजूला ठेवावे. ते ससा किंवा पाखरू यांच्यासाठी. मोठ्या जनावराला ते फक्त दुखावते. खिळ्यासारख्या टोकाचा मोह मात्र पुष्कळांना पडतो. ते खोल जाते, आणि खोल जाणे म्हणजे उत्तम, असे वाटते. संस्कृतात नाराच म्हणतात तो सबंध लोखंडाचा बाण याच जातीचा. युद्धात चिलखत फोडायला तो ठीक. परंतु खिळा मांस कापीत नाही, बाजूला सारतो. दाभणाने गोणपाटाला भोक पाडले आणि दाभण काढून घेतला की तंतू पुन्हा जवळ येतात. तसेच या जखमेचे होते. रक्त बाहेर थोडे येते, माग लागत नाही, आणि जनावर दूर जाऊन दिवसेंदिवस कुढत मरते. भेदन झाले, पण छेदन झाले नाही. शिकारीच्या दृष्टीने हे टोक क्रूर आहे, आणि ते क्रूर अशासाठी की ते निकामी आहे.

तिसरे, काटे असलेले टोक. ते जखमेतून निघत नाही, म्हणून काहींना ते फार प्रभावी वाटते. वस्तुतः माशासाठी किंवा विषारी बाणासाठी त्याचा उपयोग. कारण तेथे टोक आत राहणे हेच काम असते. मोठ्या जनावरासाठी उत्तम बाण तो, जो आरपार निघून जातो. म्हणजे जखमेला दोन तोंडे पडतात, रक्ताचा माग जमिनीवर उमटतो, आणि बाण चुकीच्या जागी लागला असल्यास जनावर जगण्याचा थोडा तरी संभव राहतो. काट्यांनी हे तिन्ही बिघडते. अमेरिकेच्या पुष्कळ राज्यांत धनुष्याने शिकार करायला आज परवानगी आहे, पण काटेरी पाते वापरायला बंदी आहे, ती याच कारणाने. आणि आपल्या मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजधर्म सांगताना काटेरी, विषदिग्ध आणि अग्नीने पेटविलेल्या बाणांनी शत्रूवर प्रहार करू नये, असा निर्बंध घातलेला आहे. त्या ग्रंथाशी आपले अनेक बाबतींत मतभेद असतील, आमचेही आहेत. पण शत्रूच्या जखमेलाही काही मर्यादा असावी हा विचार तेथे आहे, हे मान्य केले पाहिजे. शत्रूला जे लागू, ते मुक्या जनावराला का लागू असू नये?

राहिले दुसरे, पानासारखे पाते. मोठ्या जनावरासाठी हेच खरे पाते. पण केवळ आकार पानासारखा असून भागत नाही. त्याच्या अंगी चार गुण असावे लागतात: धार, मजबुती, वजन आणि सरळपणा. ते क्रमाने पाहू.

धारेविषयी बोलायचे तर न्हाव्याच्या वस्तऱ्याची आठवण करा. दाढी करताना बारीकशी चीर पडली तर दुखत नाही, पण रक्त किती वेळ वाहते! उलट बाभळीच्या फांदीने हात खरवडला तर दुखते फार, पण रक्त लवकर थांबते. याचे कारण असे की चेचलेली, फाटलेली रक्तवाहिनी आकसते आणि तिच्यात गाठ लवकर धरते. स्वच्छ कापलेली रक्तवाहिनी तशी चटकन मिटत नाही. म्हणून पाते वस्तऱ्यासारखे तीक्ष्ण असावे. आमच्या लोहाराची कसोटी सोपी होती. मनगटावरचे केस पात्याने उडाले तर धार लागली. नाहीतर पुन्हा कानस, पुन्हा निसणा.

या बाबतीत अमेरिकेतली एक हकिकत सांगण्याजोगी आहे. १९११ साली कॅलिफोर्नियात याही जमातीचा इशी नावाचा शेवटचा मनुष्य रानातून बाहेर आला. १९१६ साली त्याचा अंत होईपर्यंत सॅनफ्रॅन्सिस्कोचे एक शस्त्रवैद्य डॉ. सॅक्स्टन पोप हे त्याचे मित्र आणि शिष्यही झाले. इशी ज्वालामुखीच्या काचेसारख्या दगडाची आणि फुटक्या बाटल्यांच्या काचेची टोके घडवी. पोप यांनी पुढे प्रयोग करून पाहिले, तेव्हा मांसात शिरण्याच्या कामी काचेची टोके पोलादी टोकांना हार गेली नाहीत, उलट सरसच ठरली. काच पोलादाहून बळकट नाही, पण तिची धार अधिक बारीक असते. शस्त्रक्रियेची सुरी हाती धरणाऱ्या माणसाला हे लगेच पटले. १९२३ साली त्यांनी धनुष्यबाणाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला आणि तेथून या विषयाचा आधुनिक अभ्यास सुरू झाला, असे म्हणण्यास हरकत नाही.

दुसरा गुण मजबुतीचा. हाडाला लागून जे पाते वाकते ते तेथेच थांबते. म्हणून लोहार मोटारीच्या जुन्या पाट्याचे पोलाद पसंत करतो. पोलाद तापवून घडवायचे, मग त्याला पाणी द्यायचे. पाणी कमी बसले तर धार वळते. जास्त बसले तर पाते काचेसारखे तडकते. पाण्यात बुडविलेले पाते पुन्हा हलकेच तापवून त्यावर गवती रंग आला की थांबायचे, ही त्याची खूण. ग्रंथात याला पानेपाने खर्ची पडली आहेत. त्याने ते डोळ्याने ओळखले.

मजबुतीबरोबर प्रमाणही येते. पाते रुंद केले तर जखम मोठी होते, पण आत शिरायला ऊर्जा अधिक लागते. अरुंद केले तर शिरते सहज, पण जखम लहान होते. रुंदीच्या तिप्पट लांबी हे प्रमाण जाणकार फार चांगले मानतात. लांब उतार चढायला सोपा आणि खडा कडा अवघड, हे बैलगाडी हाकणाऱ्याला सांगावे लागत नाही. पात्याची धार हाही एक उतारच होय. तीन किंवा चार पाती असलेले टोक मोठे भोक पाडते. पण हाडावर दोन पात्यांचेच अधिक सरस ठरते. धनुष्य जितके हलके, तितके पाते अरुंद आणि साधे असावे.

तिसरा गुण वजन. हलका बाण वेगाने सुटतो, पण लवकर थकतो. जड बाण धनुष्याची शक्ती अधिक पूर्णपणे आपल्या अंगी घेतो आणि अडथळ्यात शिरल्यावर तिला लवकर सोडीत नाही. रिकामी सायकल आणि धान्याचे पोते लादलेली सायकल एकाच वेगाने चालल्या असता कोणती थांबवायला कठीण, हे आपल्याला ठाऊक आहे. १९८० नंतरच्या दशकात दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात डॉ. एड ॲशबी यांनी मोठ्या जनावरांवर बाणांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष असे: बाण जड असावा, त्याचा तोल पुढच्या बाजूला असावा, पाते अरुंद, दोन पात्यांचे आणि न वाकणारे असावे. जाड हाड फोडायचे तर सबंध बाण ६५० ग्रेन, म्हणजे सुमारे ४२ ग्रॅम तरी हवा, असे त्यांना आढळले. धार एकाच बाजूने उतरती काढली तर पाते शिरताना पिळासारखे फिरते आणि हाड उकलते, हीही त्यांची शिफारस.

चौथा गुण सरळपणा. पाते बाणाच्या दांड्याशी एका रेषेत बसले पाहिजे. चपटे पाते म्हणजे पुढे लावलेला पंखच. तो किंचित वाकडा असला तर वाऱ्यावर बाणाला आपल्याकडे ओढतो, आणि मागच्या पिसांना त्याच्याशी झगडावे लागते. बोरूच्या तोंडात पात्याची शेपटी खुपसून, तांत गुंडाळून, वर लाख किंवा राळ भरल्यावर लोहार बाण नखावर उभा धरून गरकन फिरवी. टोक डगमगले तर पुन्हा तापवून बसवायचे.

आता नव्या जगाकडे एक नजर टाकू. १९५६ साली अमेरिकेत फ्रेड बेअर यांनी बाजारात आणलेले पाते वस्तऱ्याच्या नावानेच ओळखले गेले. त्यात मुख्य पात्याच्या आडवे एक पातळ, बदलता येणारे दुसरे पाते बसविता येई. १९६९ साली कप्प्यांच्या धनुष्याचे एकस्व हॉलेस ॲलन यांना मिळाले; त्यामुळे बाणाचा वेग वाढला आणि वेगाबरोबर रुंद पाते हवेत अधिक भरकटू लागले. त्यावर उपाय म्हणून उघडमिटीची पाती निघाली. ती उडताना मिटलेली असतात आणि लागताच छत्रीसारखी उघडतात. ती सरळ उडतात आणि रुंद कापतात, हे खरे. पण उघडण्यात काही ऊर्जा खर्च होते, तिरके लागले तर घसरतात, आणि चालणारा भाग जितका अधिक तितका बिघाडाचा संभव अधिक. कमी ताकदीच्या धनुष्याला ती शोभत नाहीत. इतक्या उलाढालीनंतर जाणकार पुन्हा कोठे येऊन पोचतात? अरुंद, मजबूत, तीक्ष्ण, दोन पात्यांच्या पानासारख्या टोकापाशी. म्हणजे फडक्यातल्या दुसऱ्या टोकापाशी!

तेव्हा आमच्या मित्राच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, असे आपल्याला वाटेल. आम्हांलाही तसेच वाटले होते. पण येथेच तो दडलेला दुसरा प्रश्न वर डोके काढतो.

बाण रक्तस्रावाने मारतो हे आपण पाहिले. मग वेळ किती लागतो? जनावराच्या अंगात त्याच्या वजनाच्या सात-आठ टक्के रक्त असते. ऐंशी किलोच्या डुकरात सुमारे सहा लिटर. त्यातले तिसरा हिस्सा, म्हणजे दोन लिटर, झपाट्याने गेले की ते कोसळते. बाण पुढच्या पायामागून दोन्ही फुप्फुसांतून गेला तर हे काही सेकंदांत, फार तर मिनिटा-दोन मिनिटांत घडते. तोच बाण वीतभर मागे, पोटात लागला तर कित्येक तास लागतात. कधी रात्र जाते. वीतभर पुढे लागला तर फऱ्याच्या हाडावर अडकतो. त्यात नर डुकराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट ढालीसारखा थर असतो. रोह्याच्या नराचे वजन दोनशे किलोंच्या पुढे जाते. गव्याचे तर विचारूच नका. म्हणजे पाते कितीही उत्तम असो, ते आपले काम एका थाळीएवढ्या जागेतच नीट करते. आणि आमचे मित्र बाण सोडणार होते ते रात्री, मक्याच्या ताटांत, हलणाऱ्या सावलीवर.

रात्री, सावलीवर, आवाजावर सोडलेल्या बाणाच्या दोन कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहेत. दशरथाने घडा भरण्याचा आवाज ऐकून हत्ती पाणी पितो आहे असे समजून बाण सोडला आणि श्रावण गेला. जरा नावाच्या व्याधाने झुडपाआड दिसलेल्या तांबूस पावलाला हरिण समजून बाण सोडला आणि तो श्रीकृष्णाला लागला. पुराणकार सांगतात की यादवांचा नाश करणाऱ्या मुसळाचा उरलेला लोखंडाचा तुकडा माशाच्या पोटातून निघाला आणि जराने त्याचेच पाते केले होते. दोघेही नेमबाज होते. दोघांचीही पाती उत्तम होती. चूक पात्यात नव्हती. काय आहे ते दिसण्याआधी हात सुटला, ही चूक होती.

यापुढे कायद्याची गोष्ट येते, आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या देशात वन्य प्राण्याची शिकार हा गुन्हा आहे. हत्यार बंदूक असो की तीरकामठा. मेळघाट १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आले. आपल्या संग्रामपूर तालुक्यातले अंबाबरवा १९९७ मध्ये अभयारण्य झाले. अभयारण्यात शिकार केल्यास शिक्षा तीन ते सात वर्षे कैद अशी आहे. आदिवासींना वनांवरचे हक्क देणाऱ्या २००६ च्या कायद्यानेही पारंपरिक हक्कांतून शिकार स्पष्टपणे वगळली आहे. इंग्लंडनेही १९८१ च्या कायद्याने धनुष्याने वन्य प्राणी मारण्यास बंदी केली. रोही आणि डुक्कर यांनी उभे पीक उद्ध्वस्त केले तर वनखात्याच्या अधिकाऱ्याकडून लेखी परवानगी मिळण्याची तरतूद कायद्यात आहे; पण परवानगीवाचून सोडलेला बाण हा गुन्हाच.

कुणी म्हणेल, शहरातल्या माणसाला हे सांगायला काय जाते? त्याचा मक्का कोठे खाल्ला गेला आहे? हा आक्षेप आम्ही डोक्यावर घेतो. डुकरांच्या कळपाने एका रात्रीत चार महिन्यांची मेहनत उकरून टाकलेली आम्ही त्या वावरात उभे राहून पाहिली आहे. मोडलेल्या ताटांचा तो वास अजून नाकात आहे. डोंगरातला भिल्ल, भिलाला, कोरकू पिढ्यानपिढ्या ज्या विद्येवर जगला ती विद्या एका कायद्याने गुन्हा ठरली, हेही आम्ही विसरत नाही. परंतु ज्या विद्येची आज आपण एवढी बारकाईने ओळख करून घेतली, तिचा खरा गाभा कोणता होता? जनावर दिसल्याशिवाय बाण सोडायचा नाही. जवळ गेल्याशिवाय सोडायचा नाही. सोडला तर माग संपेपर्यंत मागे जायचे. धार, वजन, सरळपणा हे सारे या जबाबदारीचे हातपाय आहेत. ही जबाबदारी घेता येत नसेल तर पात्याची निवड करण्याचा अधिकारच उरत नाही. हाच तो दुसरा प्रश्न: कोणते पाते लावावे, याच्या आधी, ते सोडावे काय?

पुढच्या बाजाराला आम्ही मित्रांना गाठले आणि आधी त्यांनी विचारलेल्याचेच उत्तर दिले. दुसरे पाते, असे म्हणालो. का, तेही सांगितले. मग म्हणालो, "आता हे लावू नका." ते हसले. "तुमचं उत्तर मले पटलं गुरुजी, पन डुकराले कोन सांगंल?" त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. मात्र नुकसानभरपाईचा अर्ज आम्ही बरोबर बसून लिहिला. पंचनाम्याला बरोबर उभे राहिलो. शेजारच्या चार शेतकऱ्यांनी मिळून कुंपण घातले आणि राखणीच्या पाळ्या लावल्या. डुकरे पूर्ण थांबली नाहीत. पण पुढच्या हंगामात मक्का घरी आला. भरपाई उशिरा आली आणि नुकसानीएवढी नव्हती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शेतकऱ्याने बाण खाली ठेवावा असे जो समाज सांगतो, त्याने त्या अर्जाचा निकाल हंगामाच्या आत लावला पाहिजे. हा हिशेब आपणा सर्वांच्या नावावर आहे.

आणि तीरकामठ्याचे काय? त्याची विद्या संपली असे मात्र नव्हे. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात आदिवासींची शस्त्रे पाहावयास मिळतात. मुलांना घेऊन अवश्य जावे. आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्याचा प्रथमेश जावकर २०२३ साली शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई खेळांत ओजस देवतळे आणि अभिषेक वर्मा यांच्यासह त्याने भारताला सांघिक सुवर्ण मिळवून दिले. त्यांच्या बाणांच्या टोकाला पाते नसते. ते टोक निमुळते, गुळगुळीत असते. लक्ष्यात रुतते आणि ओढले की निघून येते. छेदन नाही, ताडन नाही, फक्त नेम. कौटिल्याच्या यादीत हे चौथे क्रियापद नव्हते.

ते चार टोकांचे फडके मित्रांनी शेवटी आमच्याच हवाली केले. आज ते या मेजावर ठेवले आहे. व्याख्यान संपल्यावर ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी पुढे यावे. मात्र दुसऱ्या पात्याच्या धारेवर बोट फिरवू नये. इतकी वर्षे झाली, तरी लोहाराने दिलेले पाणी उतरलेले नाही.